रोशनबीच्या भिंतीवरची तापी

दुसऱ्याच्या घराला न विचारता चुना लावू नये, एवढं साधं शहाणपण मला मॅट्रिक होईपर्यंत कुणी शिकवलं नव्हतं. भूमिती शिकवली, अकबराचं महसुली धोरण शिकवलं, पण हे राहून गेलं.

चव्वेचाळीस सालची गोष्ट. पोळा दोन दिवसांवर आला होता आणि आमच्या भिंगारच्या घराला सफेदी करून माझ्याकडे अर्धी बादली चुना उरला होता. त्यात नीळही घातलेली. आई म्हणाली, "फेकू नको, महाग झालंय सगळं." मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, दुसऱ्या खेपेला मॅट्रिक पास झालेला आणि नोकरी नसलेला होतो, म्हणजे परोपकाराला पूर्ण मोकळा. आमच्या घराला लागून रोशनबीचं घर. मधली भिंत एकच. चार दिवसांवर त्यांचा रमजान आलेला, आणि बाई सूत आणायला नगरला गेलेली. दाराला नुसती कडी होती. मी बादली आणि कुंचा घेऊन आत शिरलो आणि मागाशेजारच्या भिंतीला दोन हात देऊन टाकले.

त्या भिंतीवर गेरूच्या तीन आडव्या रेघा होत्या. त्या मला दिसल्या नाहीत असं नाही. मी लहानपणापासून त्या बघत आलो होतो. पण माझा हिशेब असा, की रेघ म्हणजे रेघ. गेरूत बोट बुडवलं की पुन्हा ओढता येते. ड्रॉइंगला मला चांगले मार्क असत.

रोशनबी उन्हं कलताना आली. डोक्यावरचं सुताचं गाठोडं तिनं खाली ठेवलं आणि भिंतीकडे पाहिलं.

"कुनी केलं?"

"मी, खाला." मी छाती काढून उभा होतो.

"किती हात दिलं?"

"दोन. निळीचे."

"झ्याक झालंय," असं म्हणून ती मागाच्या कडेवर बसली. मग म्हणाली, "गोरख, आता मला सांग, तिसरी रेघ कुठं हुती?"

मी पुढे होऊन आत्मविश्वासानं भिंतीवर बोट ठेवलं.

"तिथं?"

मी बोट जरा वर नेलं. तिच्या तोंडाकडे बघितलं आणि पुन्हा खाली आणलं.

"बुडवलंस की रं सगळ्यांना," रोशनबी म्हणाली.

हे कुणाला बुडवलं ते कळायचं तर आधी रोशनबी कळली पाहिजे. ती भिंगारची नव्हे, सुरतेची. बाप जरीची तार ओढणारा, घर सैयदपुऱ्यात, तापीच्या अंगाला. भिंगारचे चांदभाई मोमीन ऐन तरुणपणी काम शोधत सुरतेला गेले, तिथे दोन वर्षं माग चालवला आणि येताना ही बायको घेऊन आले. चांदभाई मला आठवतात ते म्हातारे; मी शाळेत असतानाच ते वारले. ते सांगत, "नव्या नवरीनं गाडीतनं उतरल्यावर पहिलं काय विचारलं असंल? घर कुठंय? न्हाई. सासू कुठंय? न्हाई. म्हनली, नदी कुठंय?" मग चांदभाईंनी तिला भिंगारचा ओढा दाखवला. ओढ्यात त्या वेळी तीन म्हशी आणि एक धोबी होता, आणि पाणी त्या चौघांना मिळून पुरत नव्हतं. ती आधी हसली आणि मग घरी येऊन रडली, असं चांदभाई सांगत. रोशनबी म्हणे, "खोटं. आधी रडले, मग हसले."

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी इब्राहिम झाला. नातवाला बघायला तिचा बाप सुरतेहून आला. त्यानं नातवासाठी चांदीचं कडं आणलं आणि लेकीसाठी एक दोरा आणला. त्या दोऱ्याला तीन गाठी होत्या. बापानं दोऱ्याचं एक टोक जमिनीला टेकवलं, दोरा भिंतीवर ताठ धरला, आणि प्रत्येक गाठीशी गेरूची एक लांब रेघ ओढली. सुरतेच्या घरात ज्या उंचीवर पुराच्या खुणा होत्या, बरोबर त्याच उंचीवर.

पहिली रेघ दर दोन-चार वर्षांनी येणाऱ्या पुराची. पाणी तिथं लागलं की पीठ, मीठ, अंथरुणं माळ्यावर न्यायची. दुसरी, रोशनबी सहा वर्षांची असताना आलेल्या पुराची. तिथं लागायच्या आत माणसं माळ्यावर. तिसरी तिच्या आज्याच्या वेळच्या महापुराची, आणि तिचा नियम एकच: तिथं पाणी टेकलं की जरीचं यंत्र, भांडीकुंडी काही बघायचं नाही, माळ्यावरून शेजारच्या छपरावर आणि तिथून मशिदीच्या गच्चीवर. घर सोडायचं.

"तुला इथं बसून कळंल, आमी कुठं हाओत ते," असं बाप म्हणाला आणि दोरा घेऊन परत गेला. दोरा तिथल्या घरचा होता ना!

आता भिंगारसारख्या गावात, जिथे वैशाखात घागरीमागे एक भांडण ठरलेलं, तिथे कुणाच्या घरात पुराच्या रेघा म्हटल्यावर गाव गप्प बसेल? रोशनबीच्या घरात पूर येतो, ही भिंगारातली सर्वांत जुनी थट्टा. विहीर आटली की आमचे वडील दारात उभे राहून ओरडायचे, "खाला, तुमच्या भिंतीतलं दोन घागरी सोडा की इकडं!" ती आतून उत्तर द्यायची, "आधी पोहायला शिका, मग सोडते." तिचा पिठाचा डबा तीस वर्षं उंच फळीवर असे. फळीवर डबा का, तर पाणी आलं तर! भिंगारातले उंदीर त्या फळीवर चढून चढून आडदांड झाले होते, असं चांदभाईंचं म्हणणं.

पण हसणाऱ्यांना हेही माहीत होतं की मापाच्या बाबतीत रोशनबीशी वाद घालण्यात अर्थ नाही. ती मागासाठी कांड्या भरायची. म्हणजे रहाट फिरवून सूत बोटाएवढ्या कांडीवर गुंडाळायचं. ही कांडी मागावर येरझाऱ्या घालणाऱ्या धोट्यात बसते आणि तिच्यावर लुगडं विणलं जातं. दिसायला पोरासोरांचं काम, पण सैल भरली तर माग अडतो, घट्ट भरली तर सूत तुटतं. रोशनबीच्या कांड्या डोळे मिटून घ्याव्यात. लढाईमुळे सुताला परमिट लागलं, महिन्याला येणारी पेंढी निम्मी झाली, आणि मोमीनवाड्यातल्या विणकरांत वाटणीवरून डोकी फुटायची वेळ आली, तेव्हा काटा-तराजू बाजूला ठेवून वाटणीला तिला बसवलं. तिनं वितीनं आणि मुठीनं मोजून सूत वाटलं. एकानं खात्री करायला आपला वाटा वाण्याकडे तोलून आणला आणि येताना मान खाली घालून आला. मला हे आठवायला हवं होतं, कुंचा हातात घेण्याआधी.

"ह्याची भरपाई काय?" मी त्या दिवशी विचारलं. माझी अपेक्षा, की ती म्हणेल, जाऊ दे बेटा.

"शंभर कांड्या," रोशनबी म्हणाली. "माझ्या पसंतीला उतरतील अशा."

पहिल्या दिवशी मी अकरा भरल्या. तिनं एक घेतली. ती पण माझ्या आईकडे बघून.

गणपती बसले. त्याच आठवड्यात नगरच्या वाचनालयात मी वर्तमानपत्र उघडलं आणि दुसऱ्या पानावर सुरत दिसली. लढाईच्या बातम्यांखाली दबलेली, बोटभर बातमी. तापीला महापूर. शहराचा बराच भाग पाण्याखाली. झांपा बाजारात मनोऱ्याजवळ छातीइतके पाणी. तारा बंद. मी बातमी कागदावर उतरवून घेतली आणि दोन मैल धावत भिंगारला आलो.

रोशनबीचा रोजा होता. ती रहाटापाशी बसली होती. मी धापा टाकत वाचलं. वाटलं, आता ही हंबरडा फोडणार. पण तिनं रहाट थांबवला आणि विचारलं, "मानसं किती गेली ते न्हाई विचारत मी. पानी कुठल्या चौकात किती, ते पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचलं. "झांपा बाजारात मनोऱ्याजवळ छातीइतकं."

तेवढ्यात इब्राहिम आला. हा तिचा मुलगा, तीस वर्षांचा, लष्कराच्या डेपोत तंबू शिवायच्या कामावर. त्याला डेपोतच बातमी लागली होती. तो दारातूनच म्हणाला, "अम्मा, डबा बांध. मी संध्याकाळच्या गाडीनं मामूकडं निघतो." हा मामू म्हणजे रोशनबीचा धाकटा भाऊ अलीम. सैयदपुऱ्याच्या त्याच घरात तो बायको, चार मुलं आणि म्हातारी आई यांना घेऊन राहत होता.

घरात ते आपल्या बोलीत बोलत. माझ्यासमोर मराठीत येत, आणि चिडले की पुन्हा तिकडे जात. त्या दिवशी इब्राहिम तीनदा तिकडे गेला.

"रजा दिली?" रोशनबीनं विचारलं.

"कोन देतंय? लढाई चाललीया. न सांगता जातो."

"मग नोकरी?"

"नोकरी गेली तर गेली! मामूचं घर चाललंय आणि तू नोकरीचं काय घेऊन बसलीस?"

यात अडचण कुठे होती, ती मला तेव्हा कळली. घर त्या नोकरीवर चालत होतं. सूत निम्मं झाल्यावर नुसत्या कांड्यांवर दोन माणसं जगत नाहीत. मामूचं घर खरंच गेलं असेल, सातजण रस्त्यावर आले असतील, तर नोकरी सोडून इब्राहिमनं जायलाच हवं होतं. त्यांना शोधायचं, इकडे आणायचं. पण ते नेहमीसारखे माळ्यावर बसून असतील, तर मनमाड-जळगाव करत चौथ्या दिवशी पोचणारा भाचा म्हणजे त्या माळ्यावर आणखी एक तोंड, आणि इकडची चूल बंद. सगळं एकाच गोष्टीवर अडलं होतं. सैयदपुऱ्याच्या घरात पाणी तिसऱ्या रेघेला लागलं होतं का?

"आधी पानी कुठं हाय ते बघू," रोशनबी म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

भिंत निळसर पांढरी, स्वच्छ होती. अशी सफेदी अख्ख्या आळीत नव्हती.

मग ती माझ्याकडे वळली. इब्राहिमही वळला. मी माझ्या पायांकडे बघत उभा राहिलो.

"हा गाढव..." इब्राहिमनं सुरुवात केली.

"त्याला मागनं बोल. आदी कोळसा आन."

यानंतर रोशनबीनं जे केलं, ते मी आजपर्यंत कुणा शिकलेल्या माणसाला करताना पाहिलेलं नाही. तिनं रहाट उचलून नेहमीच्या जागी, इंचभर इकडे नाही की तिकडे नाही, ठेवला. फरशीवर रहाटाच्या पायांचे घासून खड्डे पडले होते, त्यात तो नेमका बसला. मग आपण बसली, एक गुडघा उभा, एक मोडलेला, नेहमीसारखी. मला म्हणाली, "तू भिंतीपाशी कोळसा घेऊन हुबा ऱ्हा. मी सांगंन तिथं ठिपका."

आणि डोळे मिटून कांडी भरू लागली. कुर्र कुर्र आवाज सुरू झाला. एक कांडी भरली, दुसरी अर्धी झाली. इब्राहिम चुळबुळत होता. अचानक तिनं सूत चिमटीत धरून तोडलं आणि मान वर करून डोळे उघडले.

"तिथं."

मी तिच्या नजरेच्या टोकाला ठिपका दिला.

"सूत तुटलं की मान वर करायची माझी खोड हाय," ती म्हणाली. "तीस वर्सं मान वर केली की दुसरी रेघ दिसायची. मला आठवत न्हाई ती कुठं हुती. पन मानेला आठवतंय."

मग तो ठिपका तिनं मला तळहातानं झाकायला लावला आणि पुन्हा डोळे मिटले. तीनदा केलं. तीन ठिपके. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत दोन बोटांचं अंतर नव्हतं. तिनं मधला घेतला.

"आता तिसरी. इब्राहिम, इकडं ये. चपला काढ. पाठ लावून हुबा ऱ्हा."

इब्राहिम उभा राहिला.

"पोरपनापास्नं ह्याला मी त्या रेघेशी मापत आले," ती मला सांगू लागली. "म्हनलं, हा तिसऱ्या रेघेला लागला की साखर वाटीन. पाण्याच्या वर डोकं काढील. पन ह्यो बापावर गेला. चार बोटं कमी पडला ती पडलाच."

"अम्मा, आत्ता हे..."

"गप. मान ताठ." तिनं त्याच्या डोक्यावर हाताची चार बोटं आडवी ठेवली, आणि मी त्यावर कोळशाची खूण केली. तीन चुलत भावांत सर्वांत बुटका म्हणून आयुष्यभर टोमणे खाल्लेला इब्राहिम त्या दिवशी भिंगारात पहिल्यांदाच आपल्या उंचीमुळे उपयोगी पडला.

दोन खुणांमधलं अंतर तिनं वितीनं मोजलं. अडीच विती. "बराब्बर," ती म्हणाली. "अडीचच हुतं."

आता राहिला झांपा बाजार. ती सहा वर्षांची असताना, दुसऱ्या रेघेच्या पुरात, बापानं तिला खांद्यावर घेऊन झांपा बाजारातून नेलं होतं. बापाच्या कमरेला पाणी होतं. तिचे पाय त्याच्या छातीवर लोंबत होते आणि भिजत नव्हते, एवढं तिला स्वच्छ आठवत होतं. म्हणजे झांप्यात कमरेला पाणी तेव्हा घरात दुसरी रेघ. आता झांप्यात छातीला पाणी. कमरेपासून छातीपर्यंत बापाचं अंतर दीड वीत.

"खाला," मी न राहवून म्हटलं, "पण पेपरात छाती कुणाची धरलीय? बातमीदार उंच असला तर?"

मला वाटलं ती रागावेल. ती विचारात पडली. "खरं हाय. पन झांप्यात पाण्यात उभं ऱ्हाऊन बातमी लिवणारा मानूस आमच्या अब्बापेक्षा लई उंच नसंल. उंच मानसं छपरावर बसून लिवत्यात."

तिनं दुसऱ्या रेघेच्या खुणेवर वीत ठेवली, वर अर्धी वीत ठेवली, आणि तिथं स्वतःच्या हातानं कोळशाचं बोट ओढलं. ते तिसऱ्या खुणेच्या बरोबर एक वीत खाली आलं.

"घर सोडलेलं न्हाई," रोशनबी म्हणाली. "माळ्यावर हाईत. सकाळी कामावर जायचं."

इब्राहिम तिच्याकडे बघत राहिला. मग भिंतीवर डोकं टेकून तसाच खाली बसला. सुरतेला गेला नाही. एवढ्या वयाचा, मिशीचा माणूस, पण त्या बाईनं वीत टाकल्यावर सकाळी वेळेवर डेपोत हजर झाला.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालय उघडण्याआधीच पायरीवर जाऊन बसलो. त्या दिवशी मुंबईचं वर्तमानपत्र आलंच नाही. त्याच्या पुढच्या दिवशी आलं, त्यात सुरतेबद्दल अक्षर नव्हतं. मी दोन्ही दिवस रिकाम्या हातानं परत आलो. रोशनबी दारात नसे, रहाटापाशी असे. मी आत आलो की विचारी, "काय?" मी मान हलवी. रहाट पुन्हा चालू.

तिसऱ्या दिवशी आई सांजेला मोदक घेऊन गेली. रोजा सोडायची वेळ होती. रोशनबीनं खजूर तोंडात घातला, पाणी प्याली आणि थांबली. मोदक हातातच राहिला. आई म्हणाली, "खा वो खाला. दिवसभर उपाशी हायसा." तेव्हा रोशनबी माझ्याकडे बघून म्हणाली, "गोरख, माझी वीत चुकली असली तर?"

आयुष्यात एकदाच मला योग्य वेळी गप्प बसता आलं.

"चुकली असली," ती म्हणाली, "तर पोराला मी धरून ठिवलं आन भाऊ बुडाला. मग ह्या हातांनी कांडी भरायची कशी?"

मग तिनं मोदक खाल्ला. अर्धा इब्राहिमला दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा रहाट आमच्या भिंतीपलीकडून रोजच्या वेळेलाच सुरू झाला. मी आजही कुणाचं धैर्य वगैरे ऐकलं की मला तो कुर्र कुर्र आवाज ऐकू येतो. माणूस निर्णय घेतो त्यात विशेष नाही. तो घेऊन झाल्यावर रोज त्याच्याशेजारी बसून काम करणं अवघड.

कार्ड आलं बाराव्या दिवशी. पोस्टमन आमच्याच दारात थांबला, कारण पत्ता गुजरातीत होता आणि त्यावर इंग्रजीत फक्त 'भिंगार' लिहिलेलं. मॅट्रिक पास म्हणून त्यानं ते माझ्या हातात दिलं, आणि मी ते उलटं धरून बघितलं. रोशनबीनं ते काढून घेतलं. ती शाळेत गेली नव्हती, पण जरीच्या मालावरच्या चिठ्ठ्या वाचत वाचत गुजराती शिकलेली होती. आधी मनात वाचलं. मग तिचा हात भिंतीवर टेकला.

"समदे हाईत," ती म्हणाली. "अम्मा पन. चार दिस माळ्यावर. शेळीसुद्धा वर नेली, आन तिनं गादी खाल्ली."

आईनं तिथेच हात जोडले. आमचे वडील, जे तीस वर्षं तिच्याकडे भिंतीतलं पाणी मागत होते, ते दारात उभे होते. त्यांनी काही थट्टा केली नाही. पागोटं काढून पुन्हा बांधलं आणि गेले.

रोशनबी मात्र कार्ड पुन्हा वाचत होती, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "गोरख, अलीम लिवतोय, पानी तिसऱ्या रेघेच्या खाली थांबलं. किती खाली? एक मूठ."

"मग झालं की, खाला! बरोबरच आलं!"

"मी एक वीत म्हनले हुते."

"खाला, दीडशे कोसांवरून! वीत काय आणि मूठ काय!"

"मुठीभरानंच मानूस बुडतं," ती म्हणाली. "त्यो बातमीदार उंच हुता. तुझं ऐकाया पायजे हुतं."

पुढं अलीमनं आणखी एक लिहिलं होतं. ओल तिसऱ्या रेघेच्याही वर चढली होती, आणि पाणी उतरताना भिंतीचे पोपडे घेऊन उतरलं. अब्बाच्या तिन्ही रेघा गेल्या, अब्बाचा दोरा ज्या पेटीत होता ती पेटीही गेली. 'आपा, तुझ्या भिंतीवर अब्बाच्या हातच्या रेघा आहेत, त्यांचं माप पाठव. नवा गिलावा केला की ओढतो.'

हे वाचून झाल्यावर तिनं परत माझ्याकडे पाहिलं. जमिनीत जायला भिंगारची जमीन फार टणक आहे, नाहीतर मी गेलो असतो.

पण ती हसली. अगदी पोटातून. "बघ," म्हणाली, "तिकडं तापीनं पुसल्या, इकडं तू. दोगांनी ठरवून केलं."

त्या संध्याकाळी तिनं पक्क्या सुताचा दोरा घेतला, टोक जमिनीला लावलं आणि कोळशाच्या खुणांवर गाठी मारल्या. पहिल्या रेघेची गाठ सोपी होती. पाण्याच्या जुन्या पिंपाचं तोंड बरोबर त्या रेघेला लागायचं, आणि पिंप अजून होतं. दुसरी मानेची. तिसरी इब्राहिमची. आणि तिसरीच्या एक मूठ खाली, चौथी गाठ, या सालची. ईद झाल्यावर इब्राहिमला रीतसर आठ दिवसांची रजा मिळाली आणि तो दोरा कमरेला बांधून सुरतेला गेला. आता सैयदपुऱ्याच्या त्या घरात ज्या रेघा आहेत, त्या भिंगारच्या भिंतीवरून गेलेल्या आहेत. अलीममामूला वाटतं, त्या अब्बाच्या आहेत. तसं बघितलं तर आहेतच.

भिंगारच्या भिंतीवर गेरूच्या रेघा मलाच ओढायला लावल्या. चार. ती मागे उभी राहून "रेघ वर चाललीया, पेपरवाल्याच्या छातीसारखी" असं म्हणत होती.

आता मी राजूरला मास्तर आहे. इथे पाऊस असा पडतो की रोशनबी आली तर पहिल्या दिवशीच पिठाचा डबा आढ्याला टांगील. गेल्या दिवाळीत भिंगारला गेलो होतो. ती आता जरा वाकली आहे, पण रहाट त्याच खड्ड्यांत आहे. मी पाया पडलो. तिनं विचारलं, "पगार वाढला? लगीन ठरलं? रोज काय खातूस?" आणि मी निघताना, पिशवी खांद्याला लावल्यावर, आतून ओरडली:

"गोरख! त्र्याहत्तर झाल्यात. सत्तावीस राह्यल्यात!"

"पुढल्या खेपेला, खाला!"

"पुढल्या खेपेला म्हंता म्हंता चार वर्सं झाली," ती म्हणाली. "आन त्या त्र्याहत्तरातल्या दोन सैल हाईत. मी काही बोलले न्हाई, तुझी आई बसली हुती."